वाचक विचारतात : मागे ट्रेलर, मग पुढे गाडी कोणती?

दोन बाइक, गाद्या, शेगडी, पाण्याची टाकी आणि मागचं दार खाली टाकलं की त्याचाच होणारा रॅम्प. परदेशात अशा ट्रेलरला टॉय हॉलर म्हणतात. त्याची छोटी, एका आसाची आवृत्ती आपल्याकडेही बांधून घेतली जाते. या अंकातले प्रश्न अशा ट्रेलरचे आणि त्याला ओढणाऱ्या गाडीचे आहेत.

तीन दरवाजांची थार, वापरलेली इनोव्हा क्रिस्टा की जिम्नी?

*सप्रेम नमस्कार. आम्ही घरचे चौघं. हिमालयन 411 आणि एक्सपल्स 200 ट्रेलरवर चढवून हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, मध्ये सड्यावर बाइक फिरवायच्या, असा बेत आहे. ट्रेलर रिकामा 450 किलोचा आहे, भरल्यावर 800 होईल असं वाटतं. वरच्या तिघींपैकी कोणती गाडी घ्यावी? – एक वाचक, दापोली*

आधी तो 800 चा आकडा तपासू. ट्रेलर 450, हिमालयन 199, एक्सपल्स 158, एवढ्यातच 807 झाले. साठ लिटर पाणी म्हणजे 60 किलो. गाद्या, सिलिंडर, हत्यारं, हेल्मेट, पट्टे आणि रॅम्पचे आधार मिळून 90 धरले तर एकूण 957. गाडी निवडताना हाच आकडा धरायचा. निघण्यापूर्वी भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन तो खरा करून घ्या. चिऱ्याच्या आणि खडीच्या गाड्या मोजणारे काटे आपल्या भागात जागोजागी आहेत.

या आकड्याने पहिली गोष्ट ठरते ती ब्रेकची. युरोपात 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात, आणि ही मर्यादा अनुभवातून आलेली आहे. तुमच्या ट्रेलरला ब्रेक नसतील तर पुढे कोणतीही गाडी लावली तरी हे वजन न्यायला आम्ही सांगणार नाही. ओव्हररन ब्रेक बसवून घ्या. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलला जातो, त्या रेट्याने कपलरमधला (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या भागातला) दांडा आत सरकतो आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात, अशी त्याची साधी रचना असते.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडीची शिल्लक. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत गाडीचं भरलेलं कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरते ती शिल्लक. ट्रेलर मागे असला तरी त्याच्या नाकाचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भार गाडीच्या पाठीवरच येतो. एका आसाच्या अशा ट्रेलरला हा भार एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के लागतो, म्हणजे तुमच्याकडे 95 किलो. चार माणसं 280, सामान 60, टो-बार (ट्रेलर ओढायला गाडीमागे बसवलेला दांडा) 25 आणि हे 95 मिळून 460 किलो झाले. बहुतेकजण नुसती अश्वशक्ती पाहतात, पण प्रत्यक्षात आधी संपते ती ही शिल्लक.

शिवाय टो-बॉल, म्हणजे टो-बारवरचा कपलर बसणारा गोळा, मागच्या आसाच्याही मागे असतो, त्यामुळे तो तरफेसारखा वागतो. गाडीच्या दोन आसांमध्ये 2,750 मिलीमीटर अंतर असेल आणि बॉल मागच्या आसापासून 1,100 मागे असेल, तर बॉलवरचे 100 किलो मागच्या आसावर 140 होऊन बसतात आणि पुढची चाकं 40 किलोने हलकी होतात. हलक्या चाकांवर स्टिअरिंग सैल लागतं. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची पकडही तिथेच जाते.

आता तुमच्या तीन गाड्या. जिम्नीची चौकट शिडीची आहे, म्हणजे बॉडीखाली शिडीसारखी वेगळी पोलादी चौकट आहे, आणि लो-रेंजही (कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर) आहे, पण 134 न्यूटन-मीटर जोराच्या पेट्रोल इंजिनाला घाटात सतत उंच फेऱ्यांवर राबावं लागेल. ऑस्ट्रेलियात तिला ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी 1,300 किलोची मर्यादा आहे, पण ब्रेक नसल्यास फक्त 350 किलोची. एका बाइकचा हलका ट्रेलर तिने खुशाल ओढावा. तुमचा नको.

थारच्या 2.2 लिटर डिझेलला 300 न्यूटन-मीटर जोर आहे, तो पुरेसा आहे. अडचण तिच्या आखूडपणाची आहे. आसांमधलं अंतर 2,450 मिलीमीटर म्हणजे ट्रेलरने शेपूट हलवली की गाडी लगेच हलते. क्रिस्टाचं अंतर 2,750 आहे, शिडीची चौकट आहे, मागची चाकं ओढतात आणि मॅन्युअल डिझेलला 343 न्यूटन-मीटर जोर आहे. चौघांसाठी आम्ही क्रिस्टा घेऊ, बजेट असेल तर डिझेल स्कॉर्पिओ-एन. तिचंही अंतर 2,750 आहे आणि जास्त ताकदीच्या मॅन्युअल गाडीला 370 न्यूटन-मीटर जोर आहे. वाळूत किंवा शेवाळलेल्या जेटीवर ट्रेलर उतरवणं हाच मुख्य उद्योग असेल, तरच फोर-व्हील-ड्राइव्ह थारचा विचार करा. क्रिस्टा पाहायला जाताना इनोव्हा हायक्रॉसशी गफलत करू नका. नाव एका घरचं असलं तरी हायक्रॉसला वेगळी चौकट नाही आणि तिची पुढची चाकं ओढतात.

व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारखा पिकअप परवडत असेल तर हिशोबच बदलतो. आसांमधलं अंतर तीन मीटरच्या वर, आणि एक बाइक हौद्यातच बसते. मग मागे निम्म्या वजनाचा ट्रेलर पुरतो.

ट्रेलर साठच्या वेगाला डुलतो

*गुहागरहून महामार्गाला लागेपर्यंत काही जाणवत नाही. मोकळ्या रस्त्यावर साठला पोचलं आणि शेजारून ट्रक गेला की ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेतो. गॅरेजवाले म्हणतात, गाडी कमी ताकदीची आहे. ट्रेलर सोडताना त्याचं नाक मला एका हाताने उचलता येतं, हे सोयीचंच वाटतं. – एक वाचक, गुहागर*

शेवटच्या वाक्यातच दुखणं आहे. भरलेल्या ट्रेलरचं नाक एका हाताने उचलता कामा नये. ताकदीचा इथे संबंध नाही. शंभर अश्वशक्ती वाढवली तरी हा ट्रेलर डुलणारच.

अशा ट्रेलरचा जन्मजात दोष असा, की बाइक मागच्या दारातून चढतात आणि मागेच राहतात. आसाच्या मागे ठेवलेलं प्रत्येक वजन नाक वर उचलतं. तुम्ही पाठवलेल्या मापांवरून हिशोब मांडू. रिकाम्या ट्रेलरच्या नाकावर 70 किलो. कपलर ते आस 3.2 मीटर. दोन बाइक मिळून 357 किलो, त्यांचा मध्य आसाच्या 60 सेंटीमीटर मागे. 357 गुणिले 0.6 भागिले 3.2 म्हणजे 67. नाकावर उरले तीन किलो. मागचा भाग जड असलेला ट्रेलर ट्रकच्या वाऱ्याने एकदा वळला की ते वजन त्याला आणखी वळवतं, आणि वेग जितका जास्त तितका झोका मोठा होत जातो.

उपाय आतल्या मांडणीत आहे. जड बाइकचं पुढचं चाक पुढच्या भिंतीपर्यंत न्या, म्हणजे तिचा मध्य आसाच्या 20 सेंटीमीटर पुढे येईल. आधी ती नाकावरून 37 किलो उचलत होती, आता 12 किलो दाबेल. हलकी बाइक मागेच राहू द्या, ती 30 उचलते. पाण्याची साठ लिटरची टाकी आसाच्या 1.6 मीटर पुढे हलवली की 30 किलो मिळाले. तीस किलोची हत्यारांची पेटी नाकाजवळ, 2.4 मीटर पुढे ठेवली की आणखी 22. सगळं मिळून नाकावर साधारण 104 किलो येतात. 950 किलोच्या ट्रेलरला हा 11 टक्के भार झाला. तुमच्या टो-बारला आणि गाडीला बॉलवर किती भार चालतो, तो आकडा मात्र आधी पाहा आणि त्याच्या आत राहा.

हे घरी मोजता येतं. ट्रेलर सपाट जमिनीवर घ्या, चाकांना ओंडके लावा. एक मजबूत फळी घ्या, तिचं एक टोक विटेवर आणि दुसरं माणसांचं वजन करायच्या काट्यावर ठेवा. दोन्ही टोकांखाली एकेक पाइपचा तुकडा आडवा घाला, म्हणजे भार नेमक्या रेषेवर येतो. या दोन रेषांमध्ये 90 सेंटीमीटर अंतर हवं. फळी ठेवल्यावर काटा शून्यावर आणा. मग ट्रेलरचं नाक विटेपासून 30 सेंटीमीटरवर, गाडीला जोडताना जितकं उंच असतं तितक्याच उंचीवर टेकवा. काट्यावरचा आकडा गुणिले तीन म्हणजे नाकावरचा भार. काट्यावर 34 आले तर 102 किलो. नाक नेहमीपेक्षा उंच किंवा खाली धरून मोजलं तर आकडा चुकतो.

मुक्कामाला पाणी संपतं आणि परतीला टाकी रिकामी असते, तेव्हा नाकावरचे 30 किलो गेलेले असतात. परतताना टाकी पुन्हा भरा, नाहीतर दुसरं काही जड पुढे घ्या. उलट बाइक खाली उतरवून नुसता ट्रेलर हलवायचा असेल तर याच मांडणीत नाकावर 122 किलो येतील, तेही मर्यादेत बसतात का ते पाहा. आणि गाडीपासून सुटा केलेल्या ट्रेलरवर बाइक कधीच चढवू नका. बाइक रॅम्पवर येताच नाक उसळतं आणि माणूस बाइकखाली सापडतो. आधी ट्रेलर गाडीला जोडा, मागचे आधार खाली टेकवा, मगच बाइक चढवा.

चालत्या गाडीत झोका सुरू झालाच तर एक्सलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. झोक्याच्या उलट स्टिअरिंग फिरवू नका, पुढच्या गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका आणि वेग वाढवून ताणून काढायला तर मुळीच जाऊ नका. मांडणी सुधारल्यावरही साठच्या पुढे जाऊ नका.

टायरही तपासा. नाकावरचे शंभर वजा केले की 850 किलो दोन टायरवर, म्हणजे एकेकावर 425. टायरच्या भिंतीवरचा भारांक 82 असेल तर त्याची क्षमता 475 किलो आहे. हे काठावर झालं. 88 भारांकाचा, म्हणजे 560 किलोचा टायर घ्या. हवा कमी ठेवली तर भिंती लवचिक होतात आणि डुलणं वाढतं.

75 अश्वशक्तीची बोलेरो कुंभार्ली चढेल का?

*बोलेरो घरात आहेच. तिला मागे साडेनऊशे किलोचा ट्रेलर लावून कऱ्हाडकडे जाता येईल का? – एक वाचक, चिपळूण*

चढेल. माणसांसह गाडी दोन हजार किलो आणि ट्रेलर 950 धरू. बारा मीटरला एक मीटर चढावर, टायरचा विरोध मिळवून, सुमारे 290 किलोची ओढ लागते. ताशी 30 किलोमीटरला इंजिनाकडून त्यासाठी साधारण 38 अश्वशक्ती हवी, ताशी 50 ला 63. बोलेरोकडे 75 आहेत आणि 210 न्यूटन-मीटर जोर 1,600 फेऱ्यांपासून मिळतो. दुसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगाने ती आरामात जाईल. पन्नासचा आग्रह धरलात तर तापमानाचा काटा चढेल. निघण्यापूर्वी रेडिएटरच्या जाळीतला चिखल-पालापाचोळा धुऊन काढा आणि फॅनचा पट्टा पाहा. वळणावर थांबावं लागलं तर गाडी हँडब्रेकवर धरा, अर्ध्या क्लचवर तोलून धरू नका. क्लचची प्लेट अशानेच जळते.

आम्हाला काळजी आहे ती परतीची. 2,950 किलो 600 मीटर खाली उतरवताना जवळपास 4.8 युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, म्हणजे दोन किलोवॉटचा गिझर जवळपास अडीच तास चालवावा तेवढी. काही भाग हवा आणि टायर खातात, बाकीचा इंजिनाने आणि ब्रेकने वाटून घ्यायचा. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये, उतार सुरू होण्याआधीच गिअर टाकून उतरा. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवू नका. वेग वाढला की एकदा नीट दाबून पंधरा-वीसने उतरवा आणि पाय पूर्ण उचला.

ओव्हररन ब्रेकची एक अडचण नेमकी उतारावर येते. ट्रेलर सतत गाडीवर रेलत राहतो, त्यामुळे त्याचे ब्रेकही सतत थोडे लागलेलेच राहतात. म्हणून लांब उतारावर मध्ये एकदा रुंद जागी थांबा, चाकांच्या मध्याजवळ तळवा न टेकवता नुसता धरून पाहा. एका बाजूची धग दुसरीपेक्षा बरीच जास्त असेल तर त्या बाजूचा ब्रेक अडकला आहे. तापलेल्या ड्रमवर ट्रेलरचा हँडब्रेक ओढू नका, चाकाला ओंडका लावा.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्या दमट हवेत त्याला पाण्याची कमतरता नाही. नव्या डॉट-4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, पाणी शोषलेल्याचा 155 पर्यंत खाली येऊ शकतो. घाटात ते उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं.

जेट-स्की, जेटी आणि फेरी बोट

*पुढच्या चाकांवर चालणारी छोटी एसयूव्ही आहे. जेट-स्कीचा ट्रेलर खाडीत उतरवला की वर येताना चाकं फिरत राहतात. अधूनमधून आगरदांडा–दिघी बोटीनेही जातो, तिथे टो-बार घासतो. शिवाय वर्षात दोनदा बेअरिंग गेली. – एक वाचक, श्रीवर्धन*

चाकं फिरण्याचं कारण वर आलंच आहे. ट्रेलर पुढची चाकं हलकी करतो, चढ त्यांना आणखी हलकं करतो आणि खाली शेवाळ असतं. भरतीच्या वेळी उतरा, म्हणजे शेवाळलेल्या खालच्या पट्ट्यात चाकं जाणारच नाहीत. कायमचा इलाज हवा असेल तर मागच्या चाकांची किंवा लो-रेंजची गाडी घ्या. लो-रेंजवाल्यांनी एक लक्षात ठेवावं : थार, जिम्नीसारख्या गाड्यांत पुढचा आणि मागचा आस एकमेकांना पक्के बांधले जातात, म्हणून कोरड्या काँक्रीटवर फोर-व्हीलमध्ये घट्ट वळण घेऊ नये. ओल्या रॅम्पवर चालतं.

बेअरिंग जातात त्या गरम हब थंड पाण्यात बुडवल्यामुळे. आतली हवा आकसते आणि सीलवाटे खारं पाणी आत ओढलं जातं. जेटीवर पोचल्यावर अर्धा तास थांबा, हब हाताला कोमट लागल्यावरच पाण्यात न्या. बोटींसाठीचं पाण्यात न विरघळणारं ग्रीस वापरा. उतरण्यापूर्वी दिव्यांचा प्लग काढा, वर आल्यावर हब, पाटे आणि ब्रेकचे ड्रम गोड्या पाण्याने धुवा. नवा ट्रेलर घेताना चौकट रंगवलेली नको, गरम जस्तात बुडवलेली घ्या.

बोटीवर चढताना जेटीचा उतार आणि बोटीची फळी जिथे मिळतात तिथे टो-बार टेकतो. ओहोटीला तो कोन जास्त तीव्र होतो. मागची सीट रिकामी करा, चालकाशिवाय सगळ्यांना चालत चढू द्या, गाडीची शेपटी तेवढीच उचलली जाते.

नोंदणी आणि विमा

*ट्रेलर गावातल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतला तर चालेल का? – एक वाचक, कणकवली*

मोटार वाहन कायदा 1988 ने ट्रेलरची वेगळी व्याख्या केली आहे आणि रस्त्यावर आणायचा तर त्याचीही नोंदणी लागते. म्हणून लोखंड कापण्यापूर्वी आरटीओत जा, तिथे आराखड्याबद्दल काय मागतात ते लिहून घ्या. मान्यता प्रमाणपत्रासह मिळणारा तयार ट्रेलर थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा, असं आमचं मत आहे. गाडीला टो-बार बसवणं हाही बदलच, कलम 52 बदलांविषयी आहे, तेव्हा त्याचीही चौकशी त्याच फेरीत करा. खासगी गाडीच्या पॉलिसीत ट्रेलर ओढण्यावर बंधन असू शकतं. विमा कंपनीकडून होकार लेखी घ्या.

ब्रेक दाबला की सगळेच दिवे मिणमिणतात

*टो-बार बंपरच्या पट्टीला वेल्ड केला आहे. डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरचे दोन्ही बाजूंचे दिवे मंद लुकलुकतात, ब्रेक दाबल्यावरही तसंच. बॉलवर कपलर किंचित खुळखुळतो. – एक वाचक, रत्नागिरी*

आधी वेल्ड. बंपरची पट्टी ओढायसाठी केलेलीच नसते. टो-बार चौकटीच्या दोन्ही लांब तुळयांना, पुस्तिकेत दाखवलेल्या भोकांत, 8.8 ग्रेडच्या बोल्टनी बसवायचा आणि पहिल्या प्रवासानंतर बोल्ट पुन्हा आवळायचे. दुरुस्ती म्हणून तुळयांनाच वेल्ड करवू नका, तापलेल्या जागेशेजारी पोलाद ठिसूळ होतं आणि तिथेच भेग जाते. तोवर ट्रेलर जोडू नका.

खुळखुळण्यासाठी बॉलवर आणि कपलरवर कोरलेलं माप वाचा. युरोपी बॉल 50 मिलीमीटरचा, अमेरिकी दोन इंची म्हणजे 50.8 चा. दोन इंची कपलर 50 च्या बॉलवर बसतो, पण सैल. 1⅞ इंचाचे बॉलही बाजारात मिळतात, त्यावर तो उसळून निघू शकतो. दोन्हींचं माप एकच करा. सुरक्षा साखळ्या कपलरखालून एकमेकींना छेदून अडकवा, म्हणजे कपलर सुटला तरी नाक साखळ्यांच्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही.

दिव्यांचं कारण जवळजवळ नक्की अर्थिंग आहे. सात पिनांच्या प्लगमध्ये तिसरी पिन पांढऱ्या तारेची, ती अर्थ. ती गंजली की परतीची वाट बंद होते आणि प्रवाह दुसऱ्या दिव्यांतून वाट काढतो, म्हणून सगळे मंद लुकलुकतात. खाऱ्या हवेत हा बिघाड सगळ्यात आधी होतो. पांढरी तार चौकटीला जिथे बोल्टने जोडली आहे तिथला रंग खरवडून लखलखीत लोखंड उघडं करा, नवा लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) बसवा, वरून ग्रीस लावा. प्लगच्या पिना बारीक पॉलिश पेपरने घासा. मग एकेक दिवा तपासा : पिवळी तार डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, तपकिरी उजवा मागचा दिवा, काळी डावा. तरीही मंदच राहिले तर बॅटरीच्या ऋण टोकापासून ट्रेलरच्या चौकटीपर्यंत एक तात्पुरती जाड तार जोडून पाहा. दिवे लख्ख झाले तर दोष बहुधा गाडीच्या बाजूच्या सॉकेटमधल्या पांढऱ्या तारेत आहे.